काळीची पिल्लं कुठे गेली?

"माणसाच्या आंघोळीले पाणी नाही, अन् या मासोळ्या पाह्य कशा मजेत पोहून राह्यल्या!"

मोठाई मैत्रेयीच्या अगदी कानाशी पुटपुटत होती. वेणी घालताना तिचं तोंड तिथेच यायचं, आणि जगावरचा सगळा राग त्या वेणीत घट्ट गुंफला जायचा.

"आई गं! मोठाई, हळू ना!"

"हळूच करून राह्यली. नळ कधीचा आला नाही, टाकी बुडाले लागली, अन् इथं पेटीभर पाणी नुसतं शोभेले!"

मोठाई म्हणजे मोठेबाबांची बायको, आणि मोठेबाबा म्हणजे मैत्रेयीच्या वडिलांचे थोरले भाऊ. आर्णीच्या त्या घरात दोन्ही भावांचं बिऱ्हाड एकत्र होतं. पण सध्या मैत्रेयीचे आईबाबा घरी नव्हते. आईच्या पोटात बाळ होतं. ते पावसाळ्यात येणार होतं. पण भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी आईला एकाएकी त्रास सुरू झाला आणि बाबा तिला गाडीत घालून यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेले. गाडीत बसता बसता आईनं मैत्रेयीचा हात धरला होता.

"माही काळी पोटुशी आहे वं, मैत्रू. पिल्लं झाले का बाकीचे मासे खाऊन टाकतीन. सांभाळशील ना?"

"हो," मैत्रेयी म्हणाली होती.

काळी म्हणजे आईची लाडकी गप्पी मासोळी. सहज दिलेला तो 'हो' तेव्हा केवढासा होता! आता तो मैत्रेयीच्या छातीवर धोंड्यासारखा बसला होता. कारण यवतमाळहून फोन आला की मोठाई तो घेऊन थेट मागच्या अंगणात जायची. परत आली की डोळे पुसत म्हणायची, "कांदा चिरून राह्यली होती." अंगणात कोण कांदा चिरतं?

आत्ताही फोन वाजला. अर्धी वेणी तशीच सोडून मोठाई अंगणात गेली. परत आली.

"काय म्हणाले बाबा?"

"काही नाही. तू पोहे खाय."

"आई कशी आहे?"

"बरी आहे. पोहे खाय म्हटलं ना!"

मैत्रेयीनं पोह्यांची बशी बाजूला सारली. तेवढ्यात बैठकीतून तिचा चुलतभाऊ राजदीप किंचाळला, "मैत्रू! धाव लवकर! काळीले पिल्लं झाले!"

बैठकीत खिडकीजवळ माशांची काचपेटी होती. तीत गप्पी होत्या, केशरी मॉली होत्या, आणि चपट्या अंगाची, लांब पंखांची एक एंजल होती. ती सगळ्यांच्या मधून अशा तोऱ्यात फिरायची की राजदीपनं तिचं नाव 'राणीसाहेब' ठेवलं होतं. आणि कोपऱ्यातल्या हिरव्या झुडपात, नीट डोळे ताणले तरच दिसतील अशी, तांदळाच्या बारक्या दाण्याएवढी पिल्लं! अंग जवळजवळ नाहीच, नुसते दोन काळे डोळे तरंगताहेत!

"पिल्लं हायेत का डोळेच डोळे?" शेजारची रंजिता खिडकीतून डोकावत म्हणाली. तांड्यावरच्या आजोळाहून ती कालच परतली होती; आईला ती 'याडी' म्हणायची. "माही याडी म्हणते, इतक्या बारक्या जिवाले नजर लागते. तोंड बंद कर, राजदीप!"

"तोंडानं नजर लागते काय बे?"

"तुह्या तोंडानं काहीबी लागू शकते!"

मैत्रेयी मात्र हसली नाही. राणीसाहेब झुडपाकडे हळूहळू सरकत होती. एकदम तिनं झडप घातली! दोन काळे डोळे होते तिथे आता काहीच नव्हतं.

"खाल्लं! राजदीप, तिनं खाल्लं!"

त्या क्षणी मैत्रेयीच्या मनात एक भयंकर विचार येऊन बसला. तो तिनं कुणालाच सांगितला नाही. पिल्लं वाचली, तर आईचं बाळ वाचेल. आणि पिल्लं नाही वाचली तर...

पुढचं तिनं मनातसुद्धा म्हटलं नाही.

तिघांनी मिळून राणीसाहेबांना गाळणीनं धरलं आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत नजरकैदेत टाकलं. मॉलींची आणि बाकीच्या गप्पींची रवानगी पातेल्यात झाली. मोठाईनं पातेलं शोधत घर डोक्यावर घेतलं, तेव्हा राजदीप साळसूद चेहऱ्यानं म्हणाला, "आई, आज खिचडी कुकरमध्येच कर ना!"

उन्हाळ्यात सगळी मुलं गच्चीवर झोपत. सकाळी अंथरूण न गुंडाळताच मैत्रेयी धाडधाड जिना उतरली आणि काचपेटीला नाक लावून उभी राहिली.

पिल्लं कमी झाली होती.

"राणीसाहेब तर बरणीत आहे!" राजदीप डोकं खाजवत म्हणाला. "मंग खाल्लं कोणं?"

"पाणी गाळायचं यंत्र आहे ना आत, त्यात ओढले गेले असतीन," रंजिता म्हणाली. तिनं जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणला आणि त्या यंत्राच्या तोंडाला रबरानं आवळून बांधला. आता बघू कोण जातं!

दुसऱ्या सकाळी पिल्लं आणखी कमी झाली होती.

काळी झुडपापाशी एकटीच हिंडत होती. ती आपली पिल्लं शोधते आहे असं मैत्रेयीला वाटलं. आज पहाटेपासून फोन दोनदा वाजला होता. दोन्ही वेळा मोठाई अंगणात गेली होती. मोठेबाबा एरवी सकाळी रेडिओबरोबर बेसूर गायचे. आज रेडिओ बंदच होता.

"पेटीतलं पाणी खाली गेलं पाह्य," राजदीप काचेवरच्या ओल्या रेघेवर बोट ठेवत म्हणाला. "परवा इथवर होतं. उन्हानं उडालं असंन."

"पाणी उडते उन्हानं. पिल्लं उडतात काय?" रंजिता म्हणाली.

खरंच की! पाणीही जातं आणि पिल्लंही जातात. मैत्रेयी खाली वाकली. काचपेटीपासून खिडकीपर्यंत फरशीवर वाळलेल्या पाण्याचे ठिपके होते, एकामागे एक. आणि झुडपाची फांदी कुणीतरी बाजूला सारल्यासारखी वाकली होती.

"मैत्रू," राजदीप कुजबुजला, "आपण झोपतो तेव्हा कोणीतरी येते."

मैत्रेयीनं मागे वळून दाराकडे पाहिलं.

त्या रात्री गच्चीवर तिला नीट झोप लागली नाही. झुंजुमुंजु झालं तसे तिघं मांजराच्या पावलांनी खाली आले. रंजिताही तिच्या आईला विचारून इथेच झोपली होती. बैठकीत दिवाणामागे ते दाटीवाटीनं बसले. कुणाचा श्वास मोठा झाला की दुसऱ्याचा चिमटा बसत होता.

दाराची कडी वाजली. एक सावली आत आली. सावलीच्या हातात लांब, हिरवं, सापासारखं काहीतरी लोंबत होतं!

रंजितानं मैत्रेयीचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीच वाकली.

सावलीनं तो साप काचपेटीत सोडला. दुसरं टोक तोंडात धरून जोरात श्वास ओढला, थू थू केलं आणि ते टोक खिडकीबाहेर टाकलं. मग सावली माशांना म्हणाली, "पाणी वाया नाही जाऊ देत मी, समजलं? माशांचंही काम झालं, कूलरचंही झालं!"

"आई!" राजदीप ताडकन उठला.

"अगं माय माय!" मोठाईच्या हातून पाइप सुटला. "काय करून राह्यले पोट्टेहो इथं? जीव गेला असता ना माहा!"

"मोठाई, तू पाणी कुठं नेते?" मैत्रेयीनं विचारलं.

"कुठं म्हणजे? कूलरमध्ये! टाकीतलं पाणी कूलरले कसं पुरंन? हे पाणी रोज थोडं थोडं काढते. अन् मोठ्या मासोळ्यांले त्रास नको म्हणून पाइप त्या झुडपाच्या कोपऱ्यात ठेवते. तिथं कोणी नसते."

तिथं कोणी नसते!

मोठाईनं चष्म्याशिवाय, अंधारात, मोठ्या प्रेमानं नेमका तोच कोपरा निवडला होता. खिडकीबाहेर एका बाजूला लोखंडी घोडीवर कूलर होता. पिल्लं पाइपातून थेट...

"म्हणजे ते कूलरमध्ये आहेत!" रंजिता ओरडली. "जिती असतीन!"

तेवढ्यात बाहेरून खडखड आवाज आला. कूलरचं दार कुणीतरी काढत होतं. मैत्रेयीनं खिडकीतून पाहिलं. मोठेबाबा होते. त्यांच्या हातात निळ्या रॉकेलची बाटली होती. आता रॉकेल मिळतं कुठे? पण मोठेबाबांनी कधीची ती एक बाटली जपून ठेवली होती, आणि दर उन्हाळ्यात डासांच्या अळ्या मारायला ते कूलरच्या पाण्यात थोडं थोडं टाकायचे.

"मोठेबाबा, थांबा!"

पण मोठेबाबांच्या खिडकीकडच्या कानाला ऐकू कमी यायचं. त्यांनी बुच काढलं. बाटली तिरपी झाली.

मैत्रेयी दारातून धावली नाही. तेवढा वेळच नव्हता! तिनं खिडकीच्या गजांतून हात खांद्यापर्यंत बाहेर घातला आणि पसा बाटलीच्या तोंडाखाली धरला. गार, घाणेरड्या वासाचं रॉकेल तिच्या तळव्यावर पडलं.

"अरे, अरे! कोण आहे बे?" मोठेबाबा दचकून मागे सरले. बाटली सरळ झाली. "मैत्रू? वेडी झाली काय?"

"आत पिल्लं आहेत, मोठेबाबा! काळीचे! टाकू नका! पाया पडते तुमच्या, टाकू नका!"

आणि ती रडायला लागली. हात तसाच बाहेर, मुठीत रॉकेल, आणि हुंदके थांबेचनात. एवढ्याशा माशांसाठी कुणी असं रडत नाही, हे मोठेबाबांनाही कळत होतं. तिच्या मुठीखाली त्यांनी आपला रुमाल धरला.

राजदीप तोवर बॅटरी घेऊन बाहेर पळाला होता. "बाबा, सरका!"

बॅटरीचा उजेड कूलरच्या तळात पडला. गढूळ पाणी, वाळ्याच्या काड्या, पंपाला बांधलेलं कसलंतरी कापड. आणि काहीच नाही.

मैत्रेयीनं डोळे मिटून घेतले.

"ते... ते डोळे!" रंजिता कुजबुजली. "मैत्रू, पाह्य! डोळे!"

काडीच्या आडोशाला दोन काळे टिंब हलले. मग आणखी दोन. एक पिल्लू तर डासाच्या वळवळत्या अळीमागे धावत होतं. अळी त्याच्याहून थोडीशीच लहान होती!

"हे तर आरोग्यवाले टाक्यांमध्ये सोडतात तेच मासे आहेत!" राजदीप उड्या मारत म्हणाला. "बाबा, तुम्ही अळ्यांसाठी रॉकेल टाकून राह्यले अन् यायनं तर जेवण सुरू केलं!"

"पण पंपात कशे नाही गेले?"

"हे कापड आहे ना बांधलेलं! बाबा, हे काय आहे?"

मोठेबाबा जरा लाजले. "माही जुनी बनियन. कचरा नको जायला म्हणून."

"बनियननं जीव वाचवला!" रंजितानं जाहीर केलं. त्या सकाळी पहिल्यांदा सगळे हसले, मैत्रेयीसुद्धा, नाक ओढत ओढत.

मग एकच धांदल उडाली. राजदीपनं वाटीनं पाणी उपसलं, रंजितानं गाळणी धरली. मोठाई चष्मा लावून, पदर खोचून आली आणि तिनं तळातली प्रत्येक काडी उलटून पाहिली. सगळी पिल्लं नव्हती. काही पाइपातच गेली असतील, काही कूलरमध्ये. पण बरीच होती. राणीसाहेबांना वेगळ्या डब्यात हलवून ती बरणी पिल्लांना देण्यात आली. बरणीत दोन काळे डोळे, आणि दोन, आणि दोन.

"पोट्टेहो," मोठेबाबा म्हणाले, "आम्ही एवढे मोठे, अन् आम्हाले दिसलं नाही ते तुम्ही शोधून काढलं. शाब्बास! अन् मैत्रू, तुह्या हिमतीची तर..." त्यांनी कूलरचं दार परत बसवलं. "मी कूलर साफ करून ठेवून राह्यलो होतो. म्हटलं, डास नको. घरात आता लहान..."

ते थांबले. मोठाईनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं.

घरात आता लहान काय?

आणि फोन वाजला.

मोठाईनं पदराला हात पुसले, फोन उचलला आणि सवयीनं अंगणाकडे वळली. मैत्रेयी दारात उभी राहिली. तिच्या हाताला अजून रॉकेलचा वास येत होता.

"इथंच बोल, मोठाई."

मोठाईनं मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबांनी मान खाली घातली. मग तिनं तिथेच, दारात, फोन कानाला लावला. "हं... हं... पचलं? सगळं?... हं. ठेवते." एवढंच.

तिनं फोन ठेवला आणि ती जमिनीवरच बसली, बरणीशेजारी. मैत्रेयीला तिनं पुढ्यात ओढलं. रात्रभरात सुटलेली वेणी हातात घेतली, पण गुंफली नाही.

"मैत्रू, तुले भाऊ झाला," ती म्हणाली. "तुही आई दवाखान्यात गेली त्याच दिवशी झाला. वेळेच्या लय आधी. इतकुसा आहे, ओंजळीत मावंन. काचेच्या पेटीत ठेवला. तुही आई बरी आहे. आज पहिल्यांदा त्याले दूध पचलं. तुले सांगितलं नाही, कारण सांगितलं का जीव लागते. पण तुहा तर न सांगताच लागला. वाचंन का नाही, ते डॉक्टरले मालूम नाही, तुह्या बाबाले मालूम नाही, मले मालूम नाही. मले लय भेव लागून राह्यलं वं, पोरी."