न्हाणीचा उतार

“आंगुळीला खोली कशाला लागती म्हन्ते मी? उघड्यावर न्हालो, तर आमाला काय किडं पडलं?”

कुडाला कान लावायची गरज नव्हती. पलीकडे माझ्या सासूबाई, धोंडाबाई, अंगावर तांब्या ओतत होत्या आणि दर तांब्यामागे एक वाक्य पुटपुटत होत्या. वय पंच्याहत्तर, पण आवाज माले गावाच्या वेशीपर्यंत जाईल असा. मी अलीकडे चुलीत फाटी सारत ऐकत होते.

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझी धाकटी लेक सोनी पहिल्या बाळंतपणाला यायची होती. आमची न्हाणी म्हणजे पडवीच्या टोकाला तीन बाजूंनी कारवीचा कूड, मधे एक काळा दगड, आणि पाणी जायचं ते अळवात. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून मीच ह्यांच्यामागे लागले. भिंती हव्यात, दार हवं, शहाबादी फरशी हवी. ह्यांनी पौडच्या वाल्मीक गवंड्याकडून आकडा काढून आणला आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत.

“एवढ्यात गाभन म्हस येती, गंगू.”

“मग म्हशीवर बसवून न्हाऊ घाला लेकीला.”

तिसऱ्या दिवशी जेवले. पुढच्या आठवड्यात सिमेंट आलं.

वाल्मीकने दगड उचलला तेव्हा सासूबाई पडवीत येऊन उभ्या राहिल्या. “खांदू नगंस. वरनंच घाल फरशी.”

“पाया नगं व्हय, आजी?” वाल्मीक हसला आणि त्याने टिकाव घातला.

आमच्याकडे मूल झालं की त्याची वार न्हाणीच्या दगडाखाली पुरतात. रोजचं पाणी तिच्यावर पडलं की मूल जोमानं वाढतं म्हणतात. दगड हलवावा लागलाच, तर ती माती तिथंच परत घालायची असते. हे घरातल्या आम्हां तिघी बायकांना ठाऊक होतं. वाल्मीकला नव्हतं, आणि फरशीच्या नादात मी सांगायचं विसरले. त्याने चार पाट्या माती उकिरड्यावर नेऊन टाकली. माती ओली होती. वैशाखाचं ऊन, न्हाणी आठ दिवस बंद, आणि माती मळल्यासारखी ओली.

तिघींतली तिसरी म्हणजे माझी थोरली जाऊ, रंभाबाई. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत ती उकिरड्याशी उभी होती. विधवा बाई, मोजकं बोलणारी. दोन लेकी लग्न होऊन गेल्या. तिसरी मेलेलीच झाली, असं आमच्या घरात सांगतात. त्याला तीस वर्षं झाली. मी तेव्हा पंधरा वर्षांची, नवी नवरी, न्हाणीबाहेर पाणी तापवायला बसवलेली. त्या दिवसाबद्दल मला कधी कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

नवी न्हाणी देखणी झाली. पहिली अंघोळ ह्यांनी केली, आणि आतूनच ओरडले, “अगं, पानी मोरीकडं जाईना!”

पाणी समोरच्या कोपऱ्यात साचलं होतं, जिथं तो दगड होता तिथं. वाल्मीक आला. त्याने पाणसळ लावली, दोरी धरली, शेवटी माझ्याकडून लिंबू मागून घेतलं आणि कोपऱ्यात ठेवलं. लिंबू सरळ घरंगळत मोरीच्या भोकाशी गेलं. मग त्याने तांब्या ओतला. पाणी उलट्या अंगाने चढत कोपऱ्यात गेलं.

त्याने फरशी उखडून पुन्हा बसवली, मजुरी न घेता. पुन्हा तेच. थापी पिशवीत टाकत तो म्हणाला, “वयनी, फरशी बराबर हाय. पानी चुकतंय.” पुढं तो आमच्या वाटेलाही आला नाही.

मी शाळेत गेलेली नाही, पण उतार म्हणजे काय ते मला कळतं. रोज फडक्याने ते डबकं टिपून काढायचे. टिपताना एकदा वीत लावून पाहिली. वीतभर रुंद, दोन विती लांब. एका टोकाला गोल. सकाळचं पाणी दुपारीसुद्धा कोमट लागायचं.

सासूबाईंनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. अंगणात, माझ्या हातून दोन तांबे घेत, तेही आठवड्यातून एकदा. तरी त्यांच्या बोटांची टोकं सुरकुतली, दिवसभर धुणं धुतल्यासारखी. मग तळवे पांढरे पडले. उशी ओली होऊ लागली. “कानात पानी गेलंय,” म्हणायच्या आणि डोकं एका बाजूला झटकत बसायच्या. वैद्य म्हणाला, छातीत कफ. रंभाबाई त्यांच्याकडे पाहायची आणि भाकरी थापत राहायची.

सोनीला मुलगी झाली.

मी खोलीतून सांगितलं तेव्हा पडवीत सासूबाई डोकं झटकत राहिल्या. मला त्या पोरीचे बारके हात बघून एकच वाटलं, ही इथून धडधाकट आपल्या बापाच्या घरी जाऊ दे.

अकरा दिवस सुईणीने तिला खोलीतच न्हाऊ घातलं. बाराव्या दिवशी रीतीप्रमाणे न्हाणीत, घरातल्या वडील बाईच्या पायांवर.

“मी न्हाई,” सासूबाई म्हणाल्या.

“मी घेते,” मी म्हटलं.

“न्हाई गंगू.” रंभाबाईने पदर खोचला होता. पाणी तिनेच तापवलं होतं, पहाटेपासून. “ह्या घरातल्या समद्या पोरी आत्याबाईंच्याच हातनं न्हाल्यात. चला, आत्याबाई.”

तिने सासूबाईंना दंडाला धरून उठवलं. इतकी जुनी, कडक बाई. लहान मुलासारखी चालत गेली.

पाटावर बसवलं. पाय पसरायला लावले. पोरीला नडग्यांवर पालथी घातली. रंभाबाई शेजारी उकिडवी बसली. तिचा एक हात पोरीच्या हनुवटीखाली होता, हे मी पाहिलं, म्हणून मी पुढं झाले नाही. सोनी दारात, माझ्या खांद्याला धरून.

पहिला तांब्या.

पाणी कोपऱ्यात गेलं. थांबलं. मग तिथून निघालं.

बोटाएवढी धार, फरशीवरून, सासूबाईंच्या पाटाकडे. पोरीच्या खालून वळसा घालून गेली. तिला थेंब लागला नाही.

पोर रडत नव्हती. मान वळवून कोपऱ्याकडे बघत होती.

धार सासूबाईंच्या लुगड्याला लागली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. तांब्या तर रंभाबाईच्या हातात होता, रिकामा.

सासूबाईंनी तोंड उघडलं. ओठांच्या कडेनं पाणी आलं. वाफ निघत होती त्यातून.

“मेलेलीच झाली व्हती,” त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. “मेलेलीच. सुईन बी म्हनली.”

रंभाबाईने पोरीला अलगद उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि सोनीकडे दिलं. “घिऊन जा. मागं बघू नगंस.”

सोनी गेली. न्हाणीत आम्ही तिघीच राहिलो.

“मला म्हनले तुला घेरी आली व्हती, तुला भास झाला,” रंभाबाई म्हणाली. आवाज अगदी साधा, मीठ मागावं तसा. “तीस वर्सं मी भासच म्हनत आले. गंगू, तू चुलीपाशी व्हतीस. मला येक सांग फकस्त.”

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मान नकारार्थी हलवत होत्या, आणि दर हलण्याला तोंडातून पाणी सांडत होतं.

मी त्यांच्यावरून नजर काढली.

“रडली व्हती,” मी म्हणाले. “दोनदा.”