सर्व्हर सांभाळणारी

ही गोष्ट ऐकीव नाही. जिच्या बाबतीत घडली ती घरातलीच आहे, आणि सांगताना तिने एकदाही शब्द फिरवला नाही. तरीही कुणाला पटली नाही तर राग नाही.

रात्र वगैरे नव्हती. गुरुवार होता. दुपारचे तीन वाजायला दहा मिनिटं कमी.

रुग्णालयाचा दुसरा मजला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षाबाहेरची छोटी खोली. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतीवर घड्याळ आणि आयांसाठी दूध काढायचा पंप.

तिथे धाकटी बसली होती. दोन मुलांची आई झाली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात.

पंपाच्या बाटलीत चार थेंब होते. तासाभराच्या खटपटीनंतर... चार थेंब.

आत काचेच्या पेटीत तिची बारा दिवसांची मुलगी होती. तळहातावर मावेल एवढी. डब्याचं दूध दिलं की पोट टम्म फुगायचं. डॉक्टर सकाळी स्पष्टच बोलले होते, "आता आईचंच दूध हवं. तुमचं नसेल तर दुसऱ्या आईचं. पण आजच."

आणि दुसऱ्या आया कुठे सापडतील हे अख्ख्या शहरात धाकटीइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या बाळंतपणात तिला दूध उतू जाईल इतकं होतं. फेकून देताना जीव तुटायचा. म्हणून तिने एक वेबसाइट काढली. ज्यांच्याकडे जास्त आहे त्या आयांनी नाव नोंदवायचं, रुग्णालय त्यांची तपासणी करून नंबर देणार, आणि ज्या बाळाला गरज आहे त्याला ते दूध मिळणार. बघता बघता आठ रुग्णालयं त्या यादीवर चालायला लागली. मग रुग्णालयांनीच अट घातली. आयांच्या तपासण्यांचे कागद आहेत, चारचौघांच्या सामाईक सर्व्हरवर ठेवू नका. स्वतःचा वेगळा सर्व्हर घ्या.

दोन प्रकार मिळत होते. मॅनेज्ड आणि अनमॅनेज्ड. धाकटीला दोन्हीतलं ओ की ठो कळत नव्हतं. दिराने समजावलं.

"वहिनी, मॅनेज्ड म्हणजे हॉटेलात राहणं. चादर बदलायची, नळ दुरुस्त करायचा, सगळं तेच बघतात. अनमॅनेज्ड म्हणजे भाड्याचं रिकामं घर. भिंती त्यांच्या, बाकी झाडलोट आपली."

"आणि नळ गळला तर?"

"मी आहे ना! घरचा प्लंबर."

ते परवडणारंही होतं. तिने अनमॅनेज्ड घेतला. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं, आणि आपल्या यादीकडे कोणीच बघत नाही हे ती विसरूनही गेली.

त्या गुरुवारी तिने लॅपटॉपवर यादी उघडली... आणि पडदा पांढराच राहिला.

पुन्हा उघडली. पांढराच.

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलत होता. "मॅडम, तुमच्या यंत्राची डिस्क गेलीय. आम्ही नवीन बसवून देऊ, पण ती कोरी असेल."

"आणि आतली माहिती?"

"तुमचं अनमॅनेज्ड आहे ना, मॅडम. वीज, नेट आणि यंत्र आमचं. आतलं तुमचं. बॅकअप असेलच की तुमच्याकडे?"

तिने दिराला फोन लावला. तो गाडीत होता.

"भाऊजी, बॅकअप कुठे आहे?"

पलीकडून नुसते हॉर्न ऐकू आले.

"भाऊजी?"

"वहिनी... रोजचा बॅकअप लावला होता हो मी. पण तो... त्याच डिस्कवर."

घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावं, तसं झालं होतं.

धाकटी रडली नाही. रडायला वेळ नव्हता. पाठ असलेल्या तीन बायकांना तिने फोन लावले. एकीचं बाळ आता शाळेत जायला लागलं होतं. दुसरीचा नंबर बंद. तिसरी म्हणाली, "अगं, माझं कधीच आटलं." रुग्णालयाचा फ्रीजर रिकामा होता. बाकीची सात रुग्णालयं दुधासाठी तिच्याच यादीकडे बघत होती.

कंपनीच्या पानावर एक काळी खिडकी होती. यंत्राला जोडलेल्या पडद्यावर जे दिसेल ते त्यात दिसायचं. धाकटीने ती उघडली. काळोख, आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ.

काय टाइप करायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. तिने जे मनात होतं तेच लिहिलं.

कोणीतरी बघा हो. माझं बाळ उपाशी आहे.

एंटर.

काहीच झालं नाही. चुकीची आज्ञा दिली की यंत्र निदान तसं सांगतं. तेही आलं नाही.

रेघ नुसती लुकलुकत राहिली...

आणि मग अक्षरं उमटायला लागली. तिला न कळणाऱ्या आज्ञांची.

एक एक. सावकाश. मध्येच चुकत, मागे येत, पुन्हा लिहीत. बोटांची सवय गेलेलं माणूस लिहितं तशी.

तिला हायसं वाटलं. तिने फोन उचलला. "भाऊजी, बरं झालं तुम्ही शिरलात आत. होतंय का काही?"

"मी?" तो म्हणाला. "वहिनी, मी अजून सिग्नलला आहे. लॅपटॉप मागच्या सीटवर, बॅगेत आहे."

खिडकीतली अक्षरं थांबली.

यादी उघडली होती. सगळी. एकूण एक आई जागेवर होती.

फक्त सगळ्यात वर एक नोंद नवी होती. तपासणीचा नंबर होता, शिक्का होता, आजची तारीख होती. नावाचा रकाना मात्र रिकामा होता.

तेवढ्यात दार उघडून सिस्टर डोकावल्या. बारा दिवसांत त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होती ती.

"काय हो यादीवाल्या ताई, दूध मागवलंत आणि सांगितलं पण नाहीत! बाहेर दूध ठेवायच्या खिडकीत बाटली आलीय तुमच्या नावाची. नंबर जुळवला मी, यादीत आहे."

धाकटीने बाटली हातात घेतली.

बाटली कोमट होती.

दान केलेलं दूध तपासून, तापवून, गोठवून येतं. दगडासारखं. ते वितळवायलाच बराच वेळ लागतो. ही बाटली मात्र... आत्ताच कोणीतरी अंगावरून काढून द्यावी, तशी होती.

"खाली वितळवून पाठवलं असेल," सिस्टर म्हणाल्या. "ठीक आहे ना सगळं?"

खाली दूध वितळवायची सोय नाही, हे धाकटीला माहीत होतं. ती व्यवस्था तिनेच तर लावून दिली होती. एक शब्द बोलली असती तर बाटली बाजूला ठेवली गेली असती.

ती आत बघत राहिली. पेटीतली छाती उचकी लागल्यासारखी उडत होती.

"ठीक आहे," ती म्हणाली.

हे तिने आजवर सिस्टरना सांगितलेलं नाही.

बाळाने दूध पचवलं. संध्याकाळी पोट मऊ झालं. दर तीन तासांनी पाजायची वेळ व्हायची, आणि त्याआधी पाच मिनिटं खिडकीत बाटली असायची. कोण ठेवतं ते कोणी पाहिलं नाही. यादीतल्या दुसऱ्या आयांचं दूधही आलं. ते बाळाने ओकून टाकलं.

दिराने सर्व्हर तपासला. मग पुन्हा पहिल्यापासून तपासला.

"वहिनी, डिस्क खरंच मेलेली आहे. यादी कुठून दिसतेय, मला कळत नाही. आणि दर तीन तासांनी कोणीतरी आत येतंय."

"हॅकर?"

"हॅकर चोरी करतो हो. हे... हे आवरून जातं. फायली नीट लावतं. मी दोन वर्षांत केली नाहीत ती सगळी कामं केलीत." त्याने हसायचा प्रयत्न केला. "मला लाज आणली."

पाचव्या दिवशी धाकटीने ती नोंद पुन्हा उघडली. प्रत्येक आईला अर्जात एक रकाना भरावा लागतो, 'तुमचं बाळ'. आदल्या दिवसापर्यंत तो रिकामा होता.

आता तिथे लिहिलं होतं... पेटी क्रमांक सात.

तिच्या मुलीची पेटी.

तिने नोंद पुसली. पान पुन्हा उघडलं. नोंद तिथेच. पुन्हा पुसली. तिथेच.

त्याच सकाळी तिने कंपनीला सांगितलं, सर्व्हर मॅनेज्ड करा. आजपासून तुम्ही सांभाळा. काय लागेल ते देते.

अकरा वाजता त्यांच्या तंत्रज्ञाचा फोन आला. वयस्कर, शांत आवाज.

"मॅडम, काळजी सोडा. पहिली गोष्ट, अनोळखी माणसाला बाहेर काढतो. एकच विचारायचं होतं. तुमच्याकडून कोणी इथे येऊन बसलंय का?"

"इथे म्हणजे?"

"यंत्राच्या खोलीत. हे येणं बाहेरून, नेटवरून नाहीये. यंत्राला जोडलेल्या कीबोर्डवरून आहे." तो थांबला. "आणि मी त्याच यंत्रासमोर उभा आहे. इथे कीबोर्ड नाही."

"काढा तिला," धाकटी म्हणाली. ती 'तिला' म्हणाली हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

"काढलं. दार बंद."

बारा वाजता खिडकी रिकामी होती.

सव्वाबारा... रिकामीच.

सिस्टरनी फ्रीजरमधलं दुसरं दूध दिलं. बाळाने गिळलं नाही. साडेबाराला पेटीवरचं यंत्र कोकलायला लागलं. डॉक्टर धावत आले. काचेतून धाकटीला फक्त एक पाऊल दिसत होतं, तिच्या अंगठ्याएवढं. त्याचा रंग निळसर होत चालला होता.

तिने तंत्रज्ञाला फोन लावला. नवरा शेजारीच उभा होता.

"उघडा. दार उघडा."

"मॅडम, असं कसं? सांभाळण्यासाठीच तर तुम्ही आम्हाला..."

"नका सांभाळू! पूर्वीसारखं करा. कोणी बघायला नको, कोणी हात लावायला नको. येऊ द्या तिला. पाया पडते तुमच्या, येऊ द्या तिला आत!"

नवरा तिच्याकडे बघत राहिला. "कोणाला?"

तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

पलीकडे कळ दाबल्याचा आवाज आला. मग तंत्रज्ञाचा श्वास. मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "आली."

खिडकीत बाटली होती.

कोमट.

बाळ दोन महिन्यांनी घरी आलं. आता पावणेदोन वर्षांचं आहे. धावतं, चावतं, थोरल्याची खेळणी पळवतं. घरचं सगळं खातं. बाटली कधीच सुटली. ती बाई कोण, यंत्राच्या खोलीत तिचं काय होतं, तिचं स्वतःचं बाळ कुठे गेलं, काही कळलं नाही. दिराने खूप शोधलं. मग तोही शोधेनासा झाला.

नोंद मात्र अजून आहे. 'तुमचं बाळ' या रकान्यात पेटी क्रमांक गेला आणि घरचा पत्ता आला. तो कोणी भरला हे आता घरात कोणी विचारत नाही. दर तीन तासांनी तिचं यंत्रात येणंही थांबलेलं नाही.

मागच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. जुनी यंत्रं महिनाअखेर मोडीत काढणार आहेत. अनमॅनेज्ड प्रकार बंद. सगळ्यांना मॅनेज्डवर नेणार, हवं असो वा नसो.

धाकटीने रोज फोन केला. विनवण्या केल्या. ते एक यंत्र मला विकत द्या म्हणाली. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं.

अजून नऊ दिवस आहेत.

काल तिने मुलीला मांडीवर घेऊन दुधाचा पेला पुढे केला. मुलीने पेल्याला हात लावून पाहिला. तो कोमट नव्हता. मग तो बाजूला सारला, दाराकडे बघितलं... आणि वाट बघत बसली.