काच उचलण्याआधीचा प्रश्न

पहिली काच

"दुसरं टोक धराल का? माझा जोडीदार तापानं फणफणलाय."

रंगारीण शिडीवरून उतरली. नव्या दुकानाची पाटी रंगवायचं काम तिचं, दर्शनी काच बसवायचं त्याचं. काचवाल्याचे डोळे... चांगले होते. मग त्यानं विचारलं, "काल घेतली होती?"

"हा कुठला प्रश्न?"

"आमच्यातली रीत. काच उचलण्याआधी उस्ताद विचारतो, जोडीदार उत्तर देतो."

"नाही," ती म्हणाली. धादांत खोटं. आदल्या संध्याकाळी मित्रांच्या टेबलावर किती रिचवली, हे तिलाच सांगता आलं नसतं. तिसऱ्या पायरीवर तिची पकड सुटली आणि काचेचा कोपरा –

टक्.

दुकानदार धावत आला. माझाच हात सुटला, असं काचवाल्यानं शांतपणे सांगून टाकलं. तिचं डोकंच फिरलं.

"माझी चूक मला द्या. तुमच्या उपकाराखाली नाही राहायची मी."

"मग उद्या नवी काच धरायला या."

दुसरी काच

आली. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन.

"काल?"

"नाही." या वेळी खरं होतं. पावलं जुळली. काचेतून दोघं एकमेकांना दिसत होती, पण काचेकडेच बघतोय असं म्हणायची सोय होती. निघताना त्यानं पुढच्या कामाचा पत्ता सांगितला.

(मधेच, टेबल)

तिनं सोडा मागवला तशी मंडळी खिदळली. बंब – सगळ्यांत जास्त पिणाऱ्याचं हे लाडकं नाव – म्हणाला, बाईसाहेब आता प्रवचन देणार. ती जागची हलली नाही.

"टेबल माझंही आहे. इथंच बसणार आणि सोडाच पिणार."

तिसऱ्या आठवड्यात बंब हळूच म्हणाला, "मलाही एक सोडा सांग. हसायचं नाही कुणी."

पाचवी काच

"काल?"

"घेतली... एकच."

त्यानं काच भिंतीला टेकवली आणि दोन चहा आणले. आज उचलायची नाही, इतकंच म्हणाला.

"रागवा ना!"

"खरं बोललात. रागावू कशावर?"

आपलं आता काही खरं नाही, हे तिला तेव्हाच कळलं.

अकरावी काच

जोडीदार कधीच बरा झाला होता. तरी ती आलीच. काचवाला काही न विचारताच वाकला.

"विचारलं नाहीत?"

"भरवसा आहे आता."

"तो ठेवा तुमच्याजवळ. मला प्रश्न हवाय. तुमच्यासाठी कमी केली नाहीये मी. पण उत्तराची कुणी वाट बघत असलं, की हात आवरतो. आणि तुम्ही? काल?"

वाकलेला तो सरळ झाला. उस्तादाला कुणी विचारत नसतं. त्याच्या मनगटावरचा पांढरा व्रण ती इतके दिवस नुसता कामातला समजत होती.

"पिऊन काच उचलली होती, त्याचा हा. सोडून चार वर्षं झाली," तो म्हणाला. "पण संध्याकाळ झाली की अजून मनात येतं – रोज. कुणी विचारलंच नव्हतं."

"मग मी विचारणार. उद्या, परवा, म्हातारे झालो तरी."

"ही मागणी आहे की धमकी?"

"काच उचल," तिनं वाकून आपलं टोक धरलं. "फुटली तर दोघांची."