खळ लावलेला हातमोजा

आबाजींची तर्जनी वाकत होती. त्यांच्या नातीने, कौमुदीने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण भिंतीवरच्या पडद्यावर मात्र चार दिवस शून्यच. आता खरं कोणाचं मानायचं, डोळ्यांचं की यंत्राचं?

उमरेडच्या विणकरांत आबाजींचा हात एक नंबर. लकव्याने (अंग लुळं पडण्याच्या आजाराने) नेमका तोच उजवा हात गेला. वृंदाआत्याने, म्हणजे आबाजींच्या शास्त्रज्ञ लेकीने, त्यांच्यासाठी एक हातमोजा बनवून पाठवला. बोट किती वाकलं ते पडद्यावर दिसायचं. पहिल्या आठवड्यात आकडा तीनवरून अकरावर गेला, तेव्हा आबाजी गालातल्या गालात हसले होते. आणि आता हे शून्य.

"माग उचला आता ओसरीतून," ते म्हणाले. "उगाच जागा अडते."

माग सोडून बसलेले आबाजी कौमुदीला बघवलेच नसते. तिने तडक आत्याला पडद्यावर बोलावलं.

"मोज्यात संवेदक (बदल टिपणारा) धागा आहे," आत्या सांगू लागली. "तो रबरासारखा ताणला जातो आणि त्यातून वीज वाहते. बोट वाकलं की धागा लांब होतो, बारीकही होतो. आता सांग, गर्दीला पुढे सरकायला जड कुठे जाईल? रुंद रस्त्यावर की लांबलचक बोळात?"

"बोळात."

"विजेचंही तसंच. तिचा रोध (वाटेतला अडथळा) वाढतो. तो किती वाढला यावरून बोट किती वाकलं ते कळतं."

"मग शून्य म्हणजे धागा ताणलाच जात नाहीये," कौमुदी म्हणाली. तिने मोजा चाचपला. पापडासारखा कडक. "आबाजी, याला काय केलंत?"

आबाजी ओशाळले. "धागा पिंजारला होता गं. डाव्या हाताने भाताच्या पेजेची खळ दिली जराशी. जन्मभर खळ दिल्याशिवाय धागा मागावर चढवला नाही मी."

आत्याला हसू आवरेना. "धन्य आहे बाबा तुमची. खळीने धागा ताठरला. बोट वाकतं, पण तो ताणला न जाता नुसता सरकतो."

तिने सांगितलं तशी कौमुदीने मनगटाजवळची विजेची डबी काढली, मोजा कोमट पाण्यात धुतला, सावलीत वाळवला. दुसऱ्या दिवशी आबाजींनी तो घातला आणि बोट वाकवलं. सतरा.

त्यांचे डोळे भरून आले. कौमुदी त्यांना बिलगली.

"अशा धाग्याचं कापड विणायचंय मला," पडद्यावरून आत्या म्हणाली. "तान्ह्या बाळांचा श्वास मोजणारी झबली शिवायचीत. पण यंत्रावर धागा सारखा तुटतो. हळुवार हात हवा."

आबाजींनी पुन्हा बोट वाकवलं. अठरा.

"माग राहू दे तिथंच," ते म्हणाले. "खळ नाही देणार."