वातावरण समिती आणि पळालेली झापं

"आप्पाकाका, खाली करा तो झेंडा! गोल त्यांचा झालाय!"

मालिनी जीव तोडून ओरडली, पण आप्पांनी हिरवा झेंडा फडकवला तो फडकवलाच. झेंडा वर गेलेला दिसताच खुर्च्यांवरच्या मंडळींनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या आणि शिस्तीत थांबवल्या. चिपळूणकरांनी दर्याविजय फुटबॉल क्लबवर गोल चढवला होता आणि दर्याविजयचे अध्यक्षच त्यांना टाळ्या मिळवून देत होते! बिचारे चिपळूणकर गोंधळून गेले. त्यांच्यातल्या एकाने तर वाकून नमस्कारसुद्धा केला.

"गोल झाला की हिरवा झेंडा, असा ठराव आहे," आप्पा घाम पुसत म्हणाले. "गोल कोणाचा, ते ठरावात नाही."

मालिनीने कपाळावर हात मारून घेतला. यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिला दुसरा उद्योगच उरला नव्हता.

या सगळ्याचं मूळ होतं गेल्या वर्षीच्या एका वाक्यात. क्लबला चांदीचा कप देणारे मुंबईचे रावसाहेब निघताना सहज म्हणाले होते, "आमच्याकडे सामन्याला काय वातावरण असतं म्हणून सांगू!" झालं! तो शब्द आप्पांच्या डोक्यात जाऊन बसला. आप्पा म्हणजे मालिनीचे चुलते. पेशाने वकील, पण वकिली कमी आणि समित्या जास्त. त्यांनी ताबडतोब 'वातावरण समिती' काढली. समितीने खुर्च्या मांडल्या, टाळ्यांसाठी हिरवा आणि शांततेसाठी लाल झेंडा शिवून घेतला, टेबलावर भोंग्याचा ग्रामोफोन ठेवला आणि मैदानाभोवती माडाच्या विणलेल्या झापांचं उंच कुंपण घातलं.

कुंपण कशासाठी? तर मैदानाच्या कडेला जो चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत होती, तिच्यासाठी. दरवर्षी बंदरावरचे खलाशी, बागांमधले गडी, मासळी विकून आलेल्या बायका त्या गडग्यावर चढून बसायच्या आणि घसा फुटेपर्यंत ओरडायच्या. आप्पांना ते अशोभनीय वाटे. आता गडग्यावरून नुसती झापं दिसत, म्हणून तिथे कोणी फिरकेना. सामने शोकसभेसारखे होऊ लागले. आणि वातावरण का येत नाही यावर विचार करायला समिती पुन्हा पुन्हा बैठका घेऊन पोहे खात होती!

चिपळूणचा सामना दर्याविजयने कसाबसा जिंकला. शनिवारी अंतिम सामना, गाठ लालबागच्या चाकरमान्यांशी. पण आनंद करायला सवड कुठे? क्लबचे चिटणीस परशुराम मास्तर गळ्यातली शिट्टी फुंकतच धावत आले.

"आप्पा! आजही झापं गेली! उत्तरेची बाजू उघडी पडली! रोज नवी लावतो, रोज जातात!"

"चोर कोण, ते मला ठाऊक आहे," आप्पा गरजले. "शिवा! त्याच्या आईने भर बाजारात म्हटलं होतं, झापं उपटून टाकीन म्हणून."

शिवा दर्याविजयचा गोलकीपर. सोनूबाई मासळीवालीचा मुलगा, वय सोळा. तो घाम निथळत पुढे आला.

"मी नाय घेतली, आप्पानू."

"मग चोर आणून उभा कर! शनिवारपर्यंत चोर सापडला नाही, तर तू गोलात उभा राहायचं नाहीस. तसाही हल्ली तुला चेंडू दिसत नाही!"

शिवाने मान खाली घातली. जिंकणाऱ्या संघातल्या गोलकीपरला आपल्या गिरणीत चिकटवून घेईन, असं रावसाहेबांनी कबूल केलं होतं. शनिवारी तो मैदानाबाहेर बसला, तर ती नोकरी गेलीच म्हणायची. शिवाची बहीण राही मालिनीच्या वर्गात होती. तिचे डोळे भरून आले, पण रडण्यापेक्षा राग जास्त होता.

"आये तोंडानं बोलली फक्त," ती फणकारली. "आमी झापं नेऊन करू काय? आमच्या घराला कौलं हायत!"

"चला," मालिनी म्हणाली. "मोठ्यांच्या नादी लागलो तर शनिवार उजाडेल. चोर आपणच शोधू."

"मी पण!" मालिनीचा धाकटा भाऊ श्याम म्हणाला. "मात्र खायला काहीतरी घ्या."

आधी तिघांनी शिवालाच गाठलं. मालिनीने सरळ विचारलं, "शिवादादा, गेल्या वर्षी एकही गोल जाऊ दिला नव्हतास. यंदा काय झालंय?"

शिवा म्हणाला, "पूर्वेच्या गोलात उभा ऱ्हायलो का संध्याकाळचा सूर्य सरळ डोल्यांत येतो. समोरचा कोन, कुठून मारतो, काय दिसत नाय. आये गडग्यावरना वरडायची, 'शिवा, उजवीकडं! शिवा, डावीकडं!' तशी मी उडी मारायचो. आता तिला मी दिसत नाय आनि मला तिचा आवाज येत नाय."

मालिनी त्याच्याकडे बघतच राहिली. एवढी साधी गोष्ट! आणि समिती पोहे खात बसली होती! तिला इतका संताप आला की तिने शेजारच्या दगडाला लाथ मारली आणि वर अंगठा दुखावून घेतला.

झापं सकाळी असत आणि संध्याकाळी नसत. म्हणजे चोरी होत होती दुपारी, जेव्हा अख्खी रत्नागिरी जेवून आडवी झालेली असते. दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिघं मैदानाजवळच्या करवंदीच्या जाळीत दबा धरून बसली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. श्यामचं तोंड मात्र अखंड चालू होतं.

"श्याम, करवंदं खायला आलोयस की पाळतीवर?"

"दोन्ही जमतं मला!"

"शू! कोनतरी येतंय!" राही कुजबुजली.

डोक्याला पंचा गुंडाळलेला एक माणूस रमतगमत आला. त्याने झापांचे सुंभ सावकाश सोडले, सुंभाची नीट गुंडाळी करून कमरेला लावली, झापं डोक्यावर घेतली आणि गुणगुणत चालू लागला.

"हा कसला चोर?" श्याम म्हणाला. "गाणं म्हणतोय!"

मालिनीने डोळे चोळले. "अरे, हा तर आपला काशीराम! आप्पाकाकांचा गडी!"

तिघं जाळीतून बाहेर पडून त्याच्या मागे धावली. काशीराम मैदानाला वळसा घालून पलीकडच्या टोकाला गेला. तिथे रावसाहेबांसाठी मंडप उभा राहत होता. त्याने शिडी लावली आणि झापं वर टाकून मंडप शाकारायला सुरुवात केली.

"काशीराम! ही झापं कोणाची?"

"मैदानावरची," काशीराम शिडीवरून म्हणाला. "आप्पांनीच सांगितलानी न्हवं! 'मैदानावर झापं पडलीत, ती घे नि पाव्हन्यांचा मंडप शाकार.' पडलेली तर कुठं दिसली नाय, हुबी होती ती घेतली. मास्तर बी भला मानूस. मी नेतो, तो रोज नवी आनून ठेवतो!"

मालिनीने पुन्हा कपाळावर हात मारून घेतला. वातावरण समितीचे अध्यक्ष आप्पा. मंडप समितीचे अध्यक्षही आप्पा. एक समिती झापं बांधत होती, दुसरी सोडत होती, आणि चोर म्हणून पकडलं होतं शिवाला!

"चल, आप्पांना सांगू!" राही निघाली.

"थांब!" मालिनीने तिचा हात धरला. "आता सांगितलं तर काय होईल? काका म्हणतील, 'अरेच्चा!' शिवादादाला खेळवतील आणि झापं परत कुंपणाला लावतील. मग तो पुन्हा आंधळा. नाही, कुंपण गेलंच पाहिजे. आणि ते काकांच्याच हुकमाने!"

शनिवारी जेवणं झाली. आप्पा झोपाळ्यावर पंचा तोंडावर घेऊन घोरण्याच्या बेतात होते. मालिनी अगदी शहाण्या मुलीसारखी जवळ गेली.

"आप्पाकाका, मंडप लहान पडतोय का हो?"

"हं."

"मग उरलेली सगळी झापं मंडपालाच लावायची ना?"

"हं… लावा की."

"काशीरामला तसं सांगू?"

"सांग गं बाई! झोपू दे मला!"

"मी एक अक्षरही खोटं बोलले नाही हं," बाहेर येऊन मालिनी श्यामला आणि राहीला म्हणाली, आणि तिघं धूम पळाली.

पाच वाजता रावसाहेब आले, मंडपात बसले. तेवढ्यात मास्तरांची शिट्टी किंचाळली.

"आप्पा! घात झाला! एकूण एक झाप नाहीसं झालंय!"

खरंच, मैदान चहूबाजूंनी मोकळं पडलं होतं. आणि गडग्यावर ही गर्दी! राहीने दुपारपासून सगळं बंदर पालथं घालून माणसं गोळा केली होती. अगदी पुढे, मासळीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन सोनूबाई बसली होती.

"शिवा!" आप्पा लालबुंद झाले. "हो बाहेर! चोर कुठला!"

"थांबा, आप्पाकाका!" मालिनी मंडपाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता. "चोरीचा माल मी दाखवते. जरा वर बघता का?"

आप्पांनी वर बघितलं. मास्तरांनी वर बघितलं. रावसाहेबांनीही वर बघितलं. डोक्यावर झापंच झापं होती! मंडपावर तीन-तीन थर चढले होते आणि उरलेली खांबांना टेकवून ठेवली होती.

"आप्पांनीच सांगितलानी," काशीराम शांतपणे म्हणाला. "आज बी सांगितलानी. ताईच निरोप घेऊन आली."

"मी? कधी?" आप्पांनी तोंड उघडलं. मग त्यांना झोपाळा आठवला असावा, कारण ते मिटलं. रावसाहेब हसता हसता खुर्चीवरून घसरायचेच बाकी राहिले.

"वकीलसाहेब, तुमच्या गोलकीपरला आधी मैदानात पाठवा," ते म्हणाले. "कुंपणाचा खटला मागाहून चालवू!"

सामना सुरू झाला आणि गडगा पेटला. शिट्ट्या, आरोळ्या, डबे बडवणं! मास्तरांनी ग्रामोफोनला किल्ली दिली, पण भोंग्याचा आवाज भोंग्यालाच ऐकू येईना. आप्पांनी लाल झेंडा दाखवून पाहिला. कोणी ढुंकूनही बघितलं नाही. दर्याविजयने पहिल्या अर्ध्यातच एक गोल केला.

मग बाजू बदलल्या. शिवा पूर्वेच्या गोलात आला आणि समुद्राकडून सूर्य थेट त्याच्या डोळ्यांवर उतरला. त्याने कपाळावर आडवा हात धरला. शेवटी शेवटी लालबागचा धिप्पाड गडी चेंडू घेऊन सुटला. आडवा जायला कोणी नव्हतं. तो सरळ सूर्यातून धावत येत होता आणि शिवा नुसताच डोळे मिचमिचवत होता.

"शिवाऽऽ! डावीकडं रेऽ!"

सगळ्या गोंगाटावर चढून सोनूबाईचा आवाज आला. शिवाने काही न बघता डावीकडे झेप घेतली. चेंडू त्याच्या तळहातांवर आदळला आणि बाहेर गेला!

गडग्यावरून जो ओरडा उठला, तो बंदरापर्यंत गेला असेल. रावसाहेब खुर्चीवर चढून उपरणं फिरवत होते. राही मालिनीच्या गळ्यात पडून रडत होती. श्यामच्या हातातली करवंदं कुठच्या कुठे उधळली. आणि आप्पा! आप्पा दोन्ही झेंडे टाकून नाचत होते!

सामना जिंकल्यावर रावसाहेबांनी शिवाची पाठ थोपटली. "पावसाळा संपला की मुंबईला ये. जागा ठेवतो," ते म्हणाले. "आणि वकीलसाहेब, असं वातावरण मी मुंबईतही बघितलं नाही! केलंत कसं?"

"त्याचं असं आहे," आप्पांनी घसा साफ केला, "आमच्या वातावरण समितीने…"

मालिनीचा हात कपाळाकडे निघाला. आप्पांनी तो बघितला आणि ते अडखळले. त्यांनी एकदा मंडपाच्या छताकडे पाहिलं, एकदा गडग्याकडे.

"समितीने काही केलं नाही," ते हळूच म्हणाले. "होतं तेवढं घालवलं. परत आणलं ते या पोरांनी. आणि शिवा, तुला चोर म्हटलं, ते माझं चुकलं रे बाबा."

मालिनीचा हात वरच्या वर थांबला. आप्पाकाका 'चुकलं' म्हणाले होते!

शिवा कप घेऊन थेट गडग्याकडे धावला आणि त्याने तो आईच्या हातात दिला. सोनूबाईने पदराने डोळे पुसले, कप रिकाम्या पाटीत ठेवला आणि पाटी डोक्यावर घेऊन ती वाटेला लागली. मागून सगळा गडगा ओरडत निघाला.

"अहो सोनूबाई! कपाला मासळीचा वास लागेल!" आप्पा कळवळून ओरडले.

"लागू दे, आप्पानू!" ती मागे न बघता म्हणाली. "माज्या आवाजानं आलाय, माज्या पाटीतना जाईल!"