अर्धी लिमलेट

सकाळी साडेसातला कढई उतरली, की तेजश्री एका छोट्या वाटीत चिमूटभर चिवडा घेऊन ओसरीवर यायची आणि म्हणायची, "आप्पा, मीठ बघा." मग राजशेखर कडलगे, म्हणजे निम्म्या गडहिंग्लजचे आप्पा, डोळे मिटून चिवडा चघळायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "झकास." वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं होतं. आधी वाटी बायको आणायची, ती गेल्यावर सून आणू लागली. फरक एवढाच, की गेले अकरा महिने आप्पा साफ खोटं बोलत होते.

गेल्या वर्षीच्या तापानं त्यांच्या जिभेची चव नेली ती नेलीच. चिवडा काय आणि लाकडाचा भुसा काय, तोंडात सारखंच. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाचं एखादं इंद्रिय कुरकुरायचंच, गुडघे काय कमी बोलतात? पण आप्पांची जीभ म्हणजे कडलग्यांचं दुकान होतं. पाटी होती ती नुसती भिंतीवर.

कारण जग बदललं होतं. आता मुलाची जन्मपत्रिका कुणी काढत नसे, जीभपत्रिका काढत. बाळ सहा महिन्यांचं झालं, की थुंकीचा एक थेंब द्यायचा, त्यावरून त्याला कडू किती लागतं, गोड किती लागतं याचा तक्ता मिळायचा, आणि घरचं ताटयंत्र त्या तक्त्याप्रमाणे जन्मभर त्याचं मीठ-तिखट वेगळं लावायचं. एका घरात चार माणसं चार चवींची आमटी जेवायची. "आज खारट झालंय" म्हणून ताट सरकवणं संपलं, तसं दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणंही संपलं. दुसऱ्याचं आपल्या जिभेला रुचायचंच नाही. अशा काळात एकाच कढईतला, सगळ्यांना एकच असा चिवडा खायला लोक लांबून कडलग्यांकडे येत. "आप्पांच्या जिभेचा चिवडा" असंच म्हणत त्याला. ती जीभ गेली असं कळलं असतं, तर तेजश्रीला उद्या ताटयंत्र बसवावं लागलं असतं आणि आप्पांना ओसरीवर नुसतं बसावं लागलं असतं. त्या नुसत्या बसण्याची त्यांना मरणापेक्षा जास्त भीती वाटत होती.

म्हणून डोळे तपासून येतो असं सांगून ते दोनदा गुपचूप कोल्हापूरच्या चवघरात जाऊन आले होते. तिथल्या उपचाराला संधी तीनच मिळत. तिसऱ्या खेपेला सोबत घरचं माणूस आणून त्याची सही घ्यावी लागे. सुनेला नेणं शक्यच नव्हतं. उरली नेसरीला दिलेली बहीण महानंदाक्का, आप्पांहून तीन वर्षांनी मोठी.

"डोळ्यांच्या डॉक्टरला सही कशाला लागती रे?" गाडीत बसल्या बसल्या अक्कानं विचारलं.

"लागती आता. नवीन नियम आहे."

"बरं," अक्का म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. एवढ्यावर गप्प बसणारी ती नव्हती, पण आप्पांच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांचं लक्ष खिशातल्या कागदाच्या पुडीकडे होतं. चवघरात उपाशीपोटी जायचं असतं, त्यामुळे सकाळची चिमूट त्यांनी पुडीत बांधून घेतली होती आणि तेजश्रीला सांगितलं होतं, वाटेत खातो आणि फोनवर कळवतो. कळवायचं काय, ते ठरलेलंच होतं.

चवघरात शिरल्यावर पहिली लागते ती आठवण तापवायची खोली. तिथे जुनी खेळणी मांडलेली असतात. पोटात दाबलं की टकटक करणारा पत्र्याचा बेडूक, जाळी गुंडाळलेला भोवरा, काडेपेटीच्या छापांचा गठ्ठा, गोट्या, सागरगोटे. हातात ती वस्तू आली, की मेंदूतला तो सगळा कोपराच जागा होतो आणि त्या कोपऱ्यातली चवही वर येते, असं तिथली चवतज्ज्ञ इरावती नलवडे समजावून सांगायची. सव्वीस वर्षांची मुलगी, बोलायला गोड, पण नियमाला पक्की.

अक्काला डोळ्यांच्या दवाखान्याबद्दल आणखी काही विचारायची गरज उरली नाही. ती सरळ खाली मांडी घालून बसली आणि तिनं सागरगोटे उडवायला घेतले. सत्त्याहत्तरीतही तिनं एकी-दुक्की चुकवली नाही. तिक्कीला मात्र एक गोटा निसटला, तर आप्पांनी धक्का दिला म्हणून तिनं त्यांच्याशी भांडण काढलं.

"लबाड होता हा लहानपणापासून," तिनं इरावतीला सांगितलं. इरावती हसली आणि आप्पांच्या डोक्यावर तिनं स्मृतिटोप चढवला.

"आजोबा, पुन्हा एकदा. शाळा सुटली आहे, तोंडात लिमलेट आहे."

आप्पांनी डोळे मिटले. दुसरीतली शाळा, फाटकाबाहेर गोणपाट टाकून बसणारी निंगव्वा, तिच्या बरणीतल्या संत्र्याच्या फोडीसारख्या लिमलेटच्या गोळ्या. चव कशी होती हे त्यांना सांगता येत नव्हतं, पण ती होती एवढं नक्की ठाऊक होतं. समोरच्या पडद्यावर रंगीत रेघा उमटू लागल्या. इरावतीनं अक्कासाठी सही करायचा कागद पुढे केला आणि नियमाप्रमाणे सगळं सांगितलं.

"आजींना माहीत असायला हवं. आजोबांची जीभ ठणठणीत आहे. जिभेकडून मेंदूकडे जायची वाट तेवढी बुजली आहे. अगदी जुनी, घट्ट बसलेली एखादी चव जशीच्या तशी दिली, तर मेंदू ती ओळखतो आणि वाट उघडते. नव्वद टक्के जुळायला हवी. पहिल्यांदा एकाहत्तर जुळली, दुसऱ्यांदा अडुसष्ट."

"कमी झाली की गं."

"हो. जवळपासची चव दिली, की मेंदू खऱ्या आठवणीवर ती गिरवत जातो. आज चुकलं तर मूळची पुसून जाईल. मग उपाय नाही."

अक्कानं सही केली नाही. ती उठून पडद्याजवळ गेली.

"ही पिवळी कसली?"

"साखर. ही केशरी म्हणजे संत्र्याचा अर्क, हिरवी म्हणजे आंबटपणा."

"आणि खालची ही करडी?"

"ती सोडा. तो कचरा आहे. रसयंत्र चव बनवताना ती गाळून टाकतं, कारण तो खायचा पदार्थच नाही." इरावतीनं त्या रेघेवर बोट ठेवलं, तसे शब्द उमटले. "बघा ना. कापूस, खळ, कपड्याचा साबण, पाटीचा दगड. आजूबाजूचा वास मिसळला असणार."

अक्कानं ते दोनदा वाचून घेतलं. मग तोंडावर पदर धरून ती अशी हसायला लागली, की तिला खुर्चीत बसवावं लागलं.

"अगं बाई, कचरा कसला? तो ह्याचा सदरा आहे."

"सदरा?"

"दोघांत एकच गोळी मिळायची आम्हांला. ह्याचे पुढचे दात पडलेले, बोळकं नुसतं. मग मी ह्याच्या सदऱ्याचं टोक गोळीवर गुंडाळायची आणि कडकन तोडायची. चिमणीच्या दातांनी. मधे कापड आहे ना, मग ते उष्टं नाही. माझी अर्धी मी घ्यायची आणि ह्याची सदऱ्यातच ठेवायची. हा आधी ते टोक तोंडात घालून चुरा चोखायचा. आणि त्याच टोकानं दिवसभर पाटी पुसलेली असायची. आई रोज बडवायची ह्याला."

टोपाखालून आप्पांचा आवाज आला, "खरंच की." सत्तर वर्षांत त्यांनी लिमलेटची आठवण हजार वेळा काढली होती, पण सदऱ्याची एकदाही नाही. अख्खी लिमलेट आपण कधी खाल्लीच नव्हती, हे त्यांना आज कळत होतं.

इरावतीचा चेहरा मात्र पडला. "पण रसयंत्र कापड बनवू शकत नाही. खाद्य नसलेलं त्यातून निघतच नाही."

"ते कशाला बनवायचं? ह्याच्या अंगावर आहे की," अक्का म्हणाली. "सुती आहे, वडीच्या साबणानं धुतलाय, खळ घातलीय. सून अजून तसंच करते."

"आणि पाटीचा दगड?"

अक्कानं जरा इकडेतिकडे बघितलं. मग कनवटीची पिशवी सोडून तिच्यातून पाटीवरच्या पेन्सिलीचा बोटभर तुकडा काढला. टोकाला दातांच्या खुणा होत्या.

"अक्का, अजून खातेस तू हे?" आप्पांनी टोप सरकवून विचारलं.

"तू अकरा महिने सुनेशी खोटं बोलतोयस, मी काही म्हणाले का?"

आप्पांनी टोप पुन्हा नीट बसवून घेतला. अकरा महिने हा आकडा अक्काला कुणी सांगितला, हे विचारायचं त्यांना तेव्हा सुचलं नाही.

इरावतीची पंचाईत झाली होती. चवघराचा नियम स्पष्ट होता: यंत्रातून न आलेली कुठलीही वस्तू रुग्णाच्या तोंडात जाता कामा नये. त्यात एकाच्या दातांखालची वस्तू दुसऱ्यानं खायची, हे तर तिनं कधी पाहिलंही नव्हतं. पण यंत्राची अडुसष्ट टक्केही तिनं पाहिली होती, आणि यंत्राला जे गाळायला शिकवलं होतं तेच नेमकं हवं होतं, हेही आता दिसत होतं. तिनं साधी लिमलेट बनवायला लावली. केशरी, फोडीच्या आकाराची. मग म्हणाली, "मी पाणी पिऊन येते." आणि जागची हलली नाही.

अक्कानं आधी कागदावर सही केली, मग पेन्सिल सदऱ्याच्या टोकावर घासली, गोळी त्यात गुंडाळली. "दात नवे आहेत, गेल्या वर्षीच बसवलेत," ती म्हणाली. "काम जुनंच." आणि कडकन आवाज झाला.

स्वतःची अर्धी तिनं तळहातावर घेतली. दुसरी सदऱ्यातच ठेवली आणि ते टोक भावाच्या हातात दिलं. आप्पांनी आधी चुरा चोखला.

काही झालं नाही. मग जिभेच्या कडेला काहीतरी टोचलं. आंबट. त्यामागून गोड, त्याच्यामागून तो करकरीत दगडी भुगा, साबणाचा कडवटपणा, आणि सगळ्याच्या वर संत्र्याचा तो खोटा खोटा वास, जो कुठल्याच खऱ्या संत्र्याला कधी आला नाही. आप्पांनी अर्धी लिमलेट तोंडात टाकली आणि ते रडायला लागले. त्यांना लाज वाटली नाही, उलट बरं वाटलं. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पडद्यावर शहाण्णव हा आकडा आला होता, तो इरावतीनं मोठ्यानं वाचला.

"एवढी एकच चव परत आली की सगळ्या, ते बघायला हवं," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी खाऊन बघा."

आप्पांनी खिशातली पुडी सोडली. सकाळची चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले, चघळली. शेंगदाणा लागला. कढीपत्ता लागला. सुक्या खोबऱ्याचा काप अगदी बेताचा भाजलेला होता. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी आणखी थोडा खाल्ला आणि फोन काढला.

"तेजश्री, आज मीठ विसरलीस की गं."

पलीकडे कढईत झारा फिरत होता, तो थांबला.

"नाही आप्पा," तेजश्री म्हणाली. "विसरले नव्हते."

आप्पांना काही कळेना. शेवटी अक्कानंच सांगितलं. तापातून उठल्यावर महिन्याभरात तेजश्रीच्या ध्यानात आलं होतं. एकदा चुकून अळणी चिमूट गेली, तरी सासरे झकास म्हणाले. तेव्हापासून दुकानाच्या कढईचं मीठ ती स्वतः बघत होती आणि आप्पांच्या वाटीतली चिमूट मात्र रोज मिठाआधी काढून ठेवत होती. ज्या दिवशी ते अळणी म्हणतील, त्या दिवशी जीभ परत आली असं समजायचं. डोळ्यांच्या नावाखाली ते दोनदा कोल्हापूरला गेले, तेव्हा तिनं फोन करून अक्काला हे सगळं सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, की त्यांनी सोबत बोलावलं तर नाही म्हणू नका.

"म्हणजे अकरा महिने माझ्या जिभेशिवाय दुकान चाललं," आप्पा म्हणाले.

"चाललं की."

"आणि तरीही वाटी रोज आणत होती."

"आणत होती," अक्का म्हणाली.

आप्पांनी फोन कानाला लावला आणि सांगितलं, उद्यापासून मीठ घालून आण, आता मी खरं बोलेन. तेजश्री रडता रडता हसली आणि म्हणाली, जास्त झालं तर तोंडावर सांगा. मग तिनं फोन ठेवला, कारण कढई करपत होती.

इरावती टोप पुसून जागेवर ठेवत होती. दिवसाचा अहवाल लिहायचा होता आणि त्यात सदऱ्याचं काय लिहावं, ते तिला सुचत नव्हतं. तिच्या डब्यात तिच्या जीभपत्रिकेप्रमाणे मोजलेलं जेवण होतं. आईच्या ताटात तिनं कधी हात घातला नव्हता, तिच्या ताटात कुणी घातला नव्हता. साठ वर्षांनी कुणी आपल्या डोक्यावर हा टोप चढवला, तर खाली अशी एखादी करडी रेघ निघेल का, हा विचार तिच्या मनातून जाईना. अक्काच्या तळहातावर दुसरी अर्धी अजून तशीच होती. बोलण्याच्या नादात ती खायची राहून गेली होती.

"आजी," इरावतीनं जरा अडखळत विचारलं, "चिमणीच्या दातांचं उष्टं नसतं म्हणालात ना? मग त्यातली अर्धी मला तोडून द्याल?"