भोपळ्याच्या फुलांचा चोर

चोर हातात फूल घेऊन उभा होता.

छेरिनने गच्चीवरच्या आपल्या खोलीचं दार फटीएवढं उघडलं. काही दिवसांपासून तिच्या भोपळ्याच्या वेलावरची फुलं गायब होत होती, मागे नुसते देठ उरत होते. म्हणून आज ती उजाडायच्या आत उठून दाराआड दबा धरून बसली होती... आणि समोर खालच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू मुजिन, ओल्या केसांनी, तिच्या वेलावर वाकलेला!

“ठेवा ते!”

तो दचकला. फूल मात्र सोडलं नाही.

“पाटी वाचता येत नाही? कॅमेरा चालू आहे म्हणून लिहिलंय.”

“वाचली ना. रोज शोधतो. कुठे लावलाय?”

कॅमेरा नव्हताच. छेरिनचे कान तापले.

कोरियातल्या बुसान शहराच्या त्या उतारावर हिरव्या रंगाच्या गच्च्या एकीखाली एक थेट बंदरापर्यंत उतरत गेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर काही ना काही डुलत होतं. छेरिनने यंदा पहिल्यांदाच मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके आणून माती भरली. मिरच्यांवर मावा पडला, पालेभाजी करपली. उरला हा एक वेल, तर त्यालाही फळ धरेना. बोराएवढा हिरवा गोळा यायचा आणि पिवळा पडून गळायचा. घरमालकीण ओक आजींनी कालच सुनावलं होतं, “चुसोकच्या सुगीच्या सणापर्यंत एक तरी भोपळा दाखव, पोरी. नाहीतर आवर हा पसारा. मला तिथे सोयाबीन आंबवायचे रांजण मांडायचेत.”

“काय करता फुलांचं? तळून खाता?”

“लग्न लावतो.”

“काय?”

“हे नरफूल. आणि खाली गोळा आहे ना, ती मादीफुलं. इथे वारा एवढा की मधमाशी टिकत नाही. मग मीच...” त्याने पाकळ्या सोलल्या. आतला दांडा पिवळ्या परागांनी माखलेला होता. “हे त्या फुलाला असं... अलगद टेकवायचं.” एवढं सांगताना त्याची मान लाल झाली. “आई गावाहून फोनवर शिकवते. मीही नवखाच आहे, आत्ताशी जमायला लागलंय.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही उठता तेव्हा फुलं मिटलेली असतात. आणि... पाटी वाचून वाटलं, चावाल.”

छेरिनला हसू आलं, पण तिने ते गिळलं. भोपळ्याची कोवळी पानं वाफवून त्यात भात गुंडाळून खायला कुणाला आवडत नाही? हा पानांवरच डोळा ठेवून येत असणार. उगाच कोण कुणाच्या वेलाची एवढी काळजी करतं?

“सिद्ध करा,” ती म्हणाली.

संध्याकाळी तिने दोन मादीकळ्या निवडल्या. सूपसाठी सुकी मासळी उकळायच्या पातळ कापडी पिशव्या त्यांच्यावर चढवल्या, म्हणजे माशी शिरायची सोय नाही. एकीला लाल दोरा, एकीला पांढरा.

“लाल तुमची. पांढरीला हात लावायचा नाही. पांढरी गळली आणि लाल धरली, तर तुम्ही खरे.”

“आणि दोन्ही गळल्या तर?”

“तर चोर.”

पहाटे तो आला. लाल दोऱ्याचं फूल उघडून त्याने आपलं काम केलं आणि पिशवी पुन्हा बांधली. छेरिन पांढऱ्यापाशी बसली होती. पातळ कापडातून उमललेलं फूल दिसत होतं, केशरी, टवटवीत. “माफ कर हं,” ती हळूच पुटपुटली, “तुझा काही दोष नाही...” तेवढ्यात किटली वाजली आणि ती आत धावली.

मग रोज सकाळी दोघं गच्चीवर. मुजिन बाजारात माशांच्या वड्या तळायचा. एकदा तो गरम वड्या घेऊन आला.

“लाच?”

“खाऊ.”

“आधी तुम्ही खा,” ती म्हणाली. त्याने खाल्ली. मग तिने चार खाल्ल्या.

आठवडा सरला. लाल दोऱ्याचा भोपळा मुठीएवढा झाला. पांढऱ्या दोऱ्याचासुद्धा! ओक आजींनी दोन्हीकडे पाहून मान डोलावली, “बरं, रांजण खाली ठेवीन.” त्या जिना उतरल्या आणि छेरिन मुजिनकडे वळली.

“पिशवीत माशी गेलेली नाही. म्हणजे एक तर फुलांना तुमची गरजच नव्हती आणि तुम्ही थापा मारल्यात. नाहीतर—”

“मी हात लावला,” तो म्हणाला. “किटली वाजली तेव्हा.”

“अहो, पण ती गळली असती तर तुम्ही खरे ठरला असता!”

“माहीत होतं.”

“मग?”

“तुम्ही तिची माफी मागत होतात...” तो बंदराकडे बघत राहिला. “मला नाही ऐकवलं. म्हटलं, खोटा ठरलो तर ठरलो.”

त्याच्या बाजूने आता एकही पुरावा उरला नव्हता. त्यानेच तो घालवला होता, आणि तोही जाणूनबुजून. काहीतरी डाव असेल म्हणून तिने त्याच्या चेहऱ्यावर शोधलं... दोनदा शोधलं.

“मला तुम्ही आवडता,” तो म्हणाला. “याचाही पुरावा नाही.”

“मग रोज यावं लागेल,” डोळे बारीक करून ती म्हणाली. “मी पटकन विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही.”

आणि वेलाशेजारच्या लाकडी बाकावर बसून ती जराशी सरकली, एका माणसाला पुरेल एवढी.